साथीला बसवलेली क्वार्टरबॅक

कॅनडातल्या कनाटा गावात एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग करणारा विलास पोहरकर सेहेचाळिसाव्या वर्षीही ऑफिसच्या टच फुटबॉल टीमचा क्वार्टरबॅक होता, हे त्याच्या नागपूरच्या मित्रांना काही केल्या पटत नसे. हातानं खेळायच्या खेळाला फुटबॉल का म्हणायचं, इथेच त्यांची गाडी अडायची. विलास फोनवर चिकाटीनं समजावून सांगायचा. चेंडू लंबगोल, धावणाऱ्याला हात लागला की डाव थांबला, आणि क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातून प्रत्येक डाव सुरू होतो तो. तो मागे उभा राहून कोण मोकळं आहे ते हेरतो आणि तिकडे चेंडू फेकतो. "म्हणजे तू नवरदेव, बाकीचे वऱ्हाडी," मित्र म्हणायचे. विलासला हे वर्णन मनापासून आवडायचं.

हे नवरदेवपण काही त्याला आयतं मिळालं नव्हतं. कॅनडात आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात त्यानं फेकलेला चेंडू हवेत भोपळ्यासारखा डुगडुगत जायचा आणि अख्खी टीम हसायची. नागपुरात बाउंड्रीवरून थेट स्टंप उडवणारा माणूस तो, त्याला हे झोंबलं. मग एक सबंध हिवाळा त्यानं बेसमेंटमध्ये दोरीवर गोधडी टांगून तिच्यावर चेंडू मारला. वर दिवाणखान्यात त्याची बायको माधवी मुलांना गाणं शिकवायची आणि खालून धप्प धप्प आवाज यायचे. मुलं म्हणायची, अंकलचा ताल चुकतो. पण वसंतात विलास मैदानावर उतरला तेव्हा चेंडू सरळ जायला लागला होता. कॅप्टन ल्यूकनं त्या दिवशी चेंडू त्याच्या हातात दिला, तो त्यानंतर कुणी परत मागितला नाही.

२००८च्या उन्हाळ्यात ऊर्मी आली. कॅनडातच, बर्नाबीत वाढलेली, चोवीस वर्षांची, नुकतीच कंपनीत लागलेली. युनिव्हर्सिटीत ती मुलींच्या टीमची क्वार्टरबॅक होती. पहिल्याच सरावाला तिनं सहज म्हणून एक चेंडू फेकला, तो मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला गेला. मग हळूहळू सगळ्यांनी विलासकडे पाहिलं, आणि विलासनं बुटाची नाडी बांधायला घेतली.

या टीमला कोच नव्हता. ल्यूक म्हणाला, "व्ही, टीम तुझी आहे. सुरुवात कुणी करायची ते तूच ठरव."

विलासनं ठरवलं, आणि आपण फार उदार निर्णय घेतला असं त्याला वाटलं. ऊर्मीला बाजूला घेऊन तो म्हणाला, "हे बघ बेटा, आपल्याकडे गाणं शिकणारा शिष्य आधी गुरूच्या मागे तानपुरा घेऊन बसते. गुरू कसा गाते, कुठे थांबते, ते सगळं मागून पाहते. गुरू खूण करेल तेव्हा एखादी तान घेते. यालाच साथ म्हणतात. तू हा सीझन माझ्या साथीला."

"सो... आय सिट," ऊर्मी म्हणाली.

"बसायचं नाही, शिकायचं."

"ओके, काका."

ती चांगल्या घरची मुलगी, वाद घालायचा नाही हे आईनं पक्कं शिकवलेलं. तो पूर्ण सीझन ती बाजूच्या रेषेवर उभी राहिली. मधल्या वेळात ती विलासला हळूच सांगायची, "काका, डावीकडचा माणूस दर वेळी पुढे धावतोय, त्याच्या मागे जागा मोकळी आहे." विलास तिथे चेंडू फेकायचा आणि गुण मिळायचा. घरी येऊन तो माधवीला सांगे, की शिष्या तयार होते आहे. सामना जिंकल्यात जमा असताना शेवटची पाच मिनिटं तो तिला खेळवायचाही. हीच ती तान.

खरी गोष्ट अशी, की त्याचा खांदा दुखत होता. माधवी रोज त्याला महानारायण तेल चोळून देई, आणि दोघंही त्या दुखण्याविषयी ऋतू बदलल्याचं कारण सांगत. लांबचा चेंडू त्यानं केव्हाच सोडून दिला होता. जवळचे, हुशारीचे, बेतानं टाकलेले चेंडू टाकून तो टीमला फायनलपर्यंत घेऊन गेला. म्हातारी गाय असली तरी दूध देते ना, असं तो स्वतःशीच म्हणायचा.

फायनलच्या आदल्या शनिवारी ऊर्मी घरी जेवायला आली होती. वरण-भात कालवता कालवता ती म्हणाली, "काका, दुसऱ्या एका टीमनं मला विचारलंय. नेक्स्ट इयर. दे विल स्टार्ट मी, पहिल्यापासून खेळवणार. मी काय करू?"

विलासनं वरणाचं भांडं तिच्याकडे सरकवलं. "बघू," तो म्हणाला. ती गेल्यावर मात्र त्यानं तोंड सोडलं. "पाहिलं तू? आपण शिकवावं, अन् हे लोक उडून जातात. एक सीझन मागे उभं राहवत नाही यांना. अजून वर्षभर थांबली असती तर मीच दिली असती जागा."

माधवी ताटं उचलत होती. ती उचलायची थांबली.

"मी माझ्या गाण्याच्या बाईंच्या मागे नऊ वर्षं बसले," ती म्हणाली.

"तेच तर म्हणतो मी."

"नाही, ऐकून घे. पुण्यात लोक मला ओळखायचे ते बाईंची तानपुऱ्यावरची मुलगी म्हणून. बाई वाईट नव्हत्या. माझ्यावर फार जीव होता त्यांचा. त्यांना आपलं वाटायचं, अजून वेळ आहे, पुढच्या वर्षी हिला स्वतंत्र बसवू. मीही वाट पाहिली. मग आपलं लग्न झालं, आपण इकडे आलो, आणि बाई गेल्या." तिचा आवाज चढला नव्हता. "मी पुढे बसून कशी गाते, हे मला अजून माहीत नाही रे. वाईट गातही असेन."

लग्नाला वीस वर्षं होत आली होती, आणि विलासला हे ठाऊक नव्हतं. माधवीला मागे बसायला आवडतं अशीच त्याची समजूत होती, कारण तसं समजणं सोयीचं होतं. त्याला फार लाज वाटली. त्या रात्री ताटं त्यानं घासली.

रविवारी मैदानावर बोचरा वारा होता. विलासनं ल्यूकला सांगितलं, "ऊर्मी सुरुवात करेल." ल्यूकनं फायनलला असले प्रयोग करतात का अशा नजरेनं पाहिलं, पण शब्द दिला होता, तो पाळला.

ऊर्मीचा दुसराच चेंडू समोरच्या टीमनं हवेतच पकडला आणि गुण केले. ल्यूक धावत विलासकडे आला. "वॉर्म अप करतोस?"

विलासला जायचं होतं. खोटं कशाला बोलायचं, त्याचे हात शिवशिवत होते. समोरच्या टीमची चूक त्याला इथून स्वच्छ दिसत होती आणि तो चेंडू तो झोपेतही टाकू शकला असता. बाहेर उभं राहून हे सगळं दिसणं आणि कुणी न बोलावणं म्हणजे काय, हे त्याला त्या पाच मिनिटांत कळलं. ऊर्मी सबंध उन्हाळा इथे उभी होती.

"नाही," तो ल्यूकला म्हणाला.

मध्यंतरात ऊर्मी आली, डोळे चुकवत म्हणाली, "काका, तुम्ही जा ना. प्लीज."

"मी नाही जात. तू फेकत राहा."

ती फेकत राहिली. दोन सुंदर चेंडू टाकून तिनं टीमला बरोबरीच्या जवळ आणलं. शेवटच्या डावात तिनं सगळा जीव लावून लांबवर फेकला. चेंडू धावणाऱ्याच्या बोटांना लागला आणि खाली पडला. टीम सामना हरली.

ल्यूक विलासशेजारी येऊन थांबला. "तू जवळचा टाकला असतास. वुई विन दॅट गेम."

"हो," विलास म्हणाला. "बहुतेक जिंकलो असतो."

टीम हिरमुसून बॅगा भरू लागली. ऊर्मी अजून मैदानाच्या मध्यात उभी होती. पलीकडच्या रेषेवर जाड जॅकेटमध्ये गुरफटलेली माधवी एकटीच टाळ्या वाजवत होती. हातमोज्यांमुळे त्यांचा आवाज येत नव्हता. तिचे डोळे भरून आले होते. विलास तिच्याजवळ गेला.

"हरलो आपण," तो म्हणाला. "टाळ्या कशाच्या?"

"हरायला तरी मिळालं तिला," माधवी म्हणाली, आणि टाळ्या वाजवत राहिली.