वाल आंबतील

आमच्या घरमालकीणकाकूंचा वालांवर जेवढा विश्वास आहे, तेवढा भल्याभल्यांचा देवावर नसेल. बोनकोडे गावच्या या काकूंच्या शेतावर आता इमारती उभ्या आहेत, आम्ही राहतो तीही त्यांचीच, घरात कामाला बाई आहे. पण रोज संध्याकाळी मोड आलेले वाल पाण्यात पडले नाहीत, असं व्हायचं नाही. सकाळी उजाडायच्या आत जिन्यात फतकल मारून बसायचं आणि सोलायचं. खाली उतरणारा भाडेकरू असो की वर चढणारा कुरिअरवाला, त्याच्या हातात मूठभर वाल पडलेच म्हणून समजा! दुसऱ्या मजल्यावरचा आयटीवाला एकदा वाल न सोलताच सटकला, तर काकू ओल्या हातांनी गेटपर्यंत त्याच्या मागे गेल्या. मग घरोघरी त्याच वालांच्या उसळीचे, बिरड्याचे डबे. सण असो की सुतक, डबा चुकायचा नाही.

एकदा मी वैतागून म्हटलं, "काकू, सोललेले वाल बाजारात मिळतात हो!"

"मिलतान ना," त्या शांतपणे म्हणाल्या, "पन ते मना सकाली उठवाला येत नाय."

त्यांचा एकुलता एक मुलगा मोटरसायकलच्या अपघातात गेला, तेव्हापासून हे चाललंय, एवढं मला ठाऊक होतं. कळलं मात्र नव्हतं.

माझा नवरा गेला, तेव्हा कळलं. दिवसकार्य उरकलं, पाहुणे पांगले, आणि मला सकाळी पांघरूण बाजूला करणं जमेना. रजा संपली, ऑफिसातून फोन यायचे, मी उचलत नसे. उठायचं कशाला आणि कुणासाठी? एका संध्याकाळी काकू पातेलं घेऊन आत आल्या. सांत्वनाचा एक शब्द नाही. पातेलं ओट्यावर आदळलं आणि म्हणाल्या, "सकाली सोलून दे. नाय सोललंस त आंबतील." मला असा संताप आला! माझं माणूस गेलंय, आणि हिला वालांची पडलीय! पण पहाटे डोळा उघडला आणि पहिला विचार आला तो वालांचाच. शिव्या घालत उठले. सोलता सोलता भरपूर रडले. पातेलं संपलं तोवर ऊन आलं होतं. उठलेच होते, म्हणून चहा टाकला. संध्याकाळी दुसरं पातेलं हजर.

आता मी कामावर जाते. तरी एखादी सकाळ अंगावर येतेच, मग मी जिन्यात काकूंशेजारी जाऊन बसते. परवा तिथेच सहज विचारलं, "काकू, तुम्हाला बिरडं फारच आवडतं ना?"

त्यांचा हात थांबला. "मना? मना त वालाचा वास पन सोसत नाय, पोरी. माझ्या पोराला आवडाचा."

त्यांनी पुढचा वाल उचलला. मीही एक मूठ घेतली.