वैनींचा हिरवा चारा

वैनी तळ्यावर आल्या की आधी चप्पल काढायच्या. देवळात काढतात तशी नव्हे, पाणी किती तापलंय ते पायाला कळावं म्हणून. दोन पावलं आत जायच्या, जरा थांबायच्या आणि मग आज माशांना किती चारा घालायचा ते ठरवायच्या. माझ्याकडे या कामासाठी थर्मामीटर होता. मासे मात्र त्यांचेच मोठे व्हायचे.

वैनी म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको. पेण आणि रोह्याच्या मधल्या आमच्या गावात आमची दोन तळी शेजारीशेजारी, मध्ये एक बांध. तळं आधी मी खणलं. डोलवीच्या पोलाद कारखान्यातली, ठेकेदाराकडची शिफ्टची नोकरी सोडली, मत्स्यशेतीचं पाच दिवसांचं प्रशिक्षण घेतलं, प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावलं. भाऊ गेला त्या वर्षी वैनी बांधावर येऊन बसू लागल्या. एकदा म्हणाल्या, "भावोजी, मला जमंल का वो ह्ये?" मी म्हटलं, "बघा करून." आणि त्यांनी बांधापलीकडे तळं खणलं तेव्हा मला नको असलेली गवत्या माशाची बोटभर पिल्लं बादलीतून देऊन टाकली. माझं शिकवणं एवढंच.

मी पेणहून माशांच्या खाद्याची पोती आणायचो. ती वैनींना परवडणारी नव्हती. त्यांनी भाताच्या खाचरात, कालव्याच्या कडेला साचलेल्या पाण्यावर तरंगणारी बारीक हिरवी पानं टोपलीत गोळा केली. मग कुणाकडून तरी अझोला नावाचा तसलाच तरंगता पाला आणला आणि परसात खड्डा करून त्यात वाढवला. खड्ड्याला अंथरलेलं प्लास्टिक कुठलं, तर पेणच्या गणपतीच्या कारखान्यांनी सीझन संपल्यावर फेकलेलं. तळ्यात त्यांनी बांबूची तरंगती चौकट सोडली होती. चारा त्या चौकटीतच टाकायचा. संध्याकाळी चौकट रिकामी दिसली तर उद्या मूठभर जास्त, उरला असेल तर उद्या उपास. मी त्यांना पोत्यावर छापलेला तक्ता दाखवला, तर म्हणाल्या, "पोत्यावर लिवलंय ते मासा वाचतो व्हय?"

मला त्यांचा हेवा वाटायचा. उगाच थोडासा नव्हे, चांगला पोटात दुखेल असा. गावात पाहुणा आला की त्याला माझ्या तळ्यावरून पुढे नेऊन वैनींचं तळं दाखवत. मत्स्यखात्याचे साहेब माझी पाहणी करायला आले आणि वैनींच्या ओटीवर चहा पिऊन गेले. रामवाडीचा खानावळवाला मोटारसायकलवरून त्यांच्या माशासाठी यायचा. पण कळस केला आमच्या मंडळींनी. एका रविवारी बायको ताटात रोहूची तुकडी वाढून म्हणाली, "वैनींकडचा हाय. चव बगा." माझं तळं घरापासून हाकेवर, आणि माझ्या ताटात त्यांचा मासा! चव खरंच चांगली होती. मी मीठ जास्त झालंय म्हणालो.

शेवटी मला राहवेना. एका दुपारी वैनी बाजाराला पेणला गेल्या असताना त्यांच्या खड्ड्यातला टोपलीभर अझोला मी उचलला आणि माझ्या तळ्यात ओतला. विचारायला गेलो असतो तर दोन मिनिटांचं काम होतं, पण प्रमाणपत्रवाल्याने कसं विचारायचं? पंधरा दिवसांत अख्खं तळं हिरवं झालं. मी खूश. मग एका सकाळी बघतो तर मासे कडेला येऊन तोंड वर काढताहेत, आ वासताहेत. चार-पाच उलटेही झालेले. वर्षाची मेहनत डोळ्यांदेखत जाणार होती.

माझी आरडाओरड ऐकून वैनी आल्या. त्यांनी जुनं लुगडं आणलं, एक टोक माझ्या हातात दिलं, आणि आम्ही दोघांनी ते पाण्यावरून ओढत ओढत सगळं हिरवं काठाला लावलं. मग पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांनी बादलीने उंचावरून पाणी ओतायला लावलं, हात गळून येईपर्यंत. दुपारपर्यंत मासे खाली गेले. तेव्हा वैनी बोलल्या, "भावोजी, तुमच्या तळ्यात सगळा कटला मासा. कटला कुठं पाला खातो? गवत्या म्हंजे तळ्यातली म्हैस. तो चरतो, त्याच्या शेणावर बाकीचे पोसतात." आणि लुगडं पिळता पिळता, माझ्याकडे न बघता, "मागितलं असतंत तर गवत्यापन दिला असता."

त्या वर्षी त्यांनी तो दिलाही. मी घेतला, पण आभार मानल्याचं आठवत नाही.

पुढे गुडघ्यांनी दगा दिला आणि वैनी रोह्याला लेकीकडे राहायला गेल्या. तिथेही स्वस्थ बसणं नाही. बचतगटाच्या दहा-बारा बायकांना गोळा करून तळी खणायला आणि अझोल्याचे खड्डे काढायला लावले. मी एकदा भेटायला गेलो तर बायका अंगणात बसलेल्या. वैनी खुर्चीवरून म्हणाल्या, "ह्ये माझे भावोजी. मला तळ्याचं सगळं ह्यांनीच शिकवलं गो." सगळ्यांनी हात जोडले. थट्टा असेल म्हणून मी वैनींच्या तोंडाकडे पाहिलं. थट्टा नव्हती. त्यांना खरंच तसं वाटत होतं. इतकं मोठं मन आपल्याला का नाही, याचाही मला तिथे बसल्याबसल्या हेवाच वाटला. 'तसं नाही' म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात चहा आला.

वैनी वारल्या त्याला आता वर्ष होईल. त्या बायका मला सर म्हणतात आणि अडलं की फोन करतात. पाणी हिरवं झालंय, मासा वर येतोय, चारा उरतोय. मी पटापट सांगतो, आणि सांगितलेलं बरोबर ठरतं. परवा त्यांतल्या एकीने विचारलं, "सर, एवढं तुमी कुठं शिकलात वो?"

"अनुभवाने," मी म्हणालो.