लॉगिन करून दाखव

"लॉगिन करून दाखव गं पाहुण्यांना," ट्रस्टी म्हणाले.

परळच्या आमच्या कॉलेजची नवी डिजिटल लायब्ररी बघायला पाहुणे आले होते. घोळक्यातून मलाच पुढे ओढलं. कारण मी बुक बँकेतली. ज्यांना पुस्तकं परवडत नाहीत त्यांना कॉलेज वर्षभरासाठी संच द्यायचं, ती बुक बँक. यंदा ती बंद, लायब्ररीतल्या वाचायच्या खुर्च्याही गेल्या. सगळं स्क्रीनवर आलंय म्हणे.

मी नाव टाकलं. ओटीपी गेला बाबांच्या फोनवर. प्रवेशाचा फॉर्म भरला तेव्हा घरात तेवढाच फोन होता. लालबागच्या आमच्या चाळीत निम्म्या पोरांच्या फॉर्मवर बापाचाच नंबर. बाबा करी रोडच्या एका टॉवरमध्ये वॉचमन. ड्यूटी आठ ते आठ, फोन सुपरवायझरकडे जमा. लॉगिन चालतं फक्त कॉलेजात, दहा ते सहा. नंबर बदलायचा अर्ज मी दोनदा दिला होता, बदलला नाही.

स्क्रीनवर सेकंद उलटे पळाले. संपले.

ओटीपी बाबांच्या फोनवर गेलाय, मी सांगितलं. "वडील फोन उचलत नाहीत?" ट्रस्टींनी विचारलं.

"ड्यूटीवर आहेत सर. वॉचमन आहेत."

ते पाहुण्यांकडे वळले. "आपण जगभरातली जर्नल्स आणतो हो. पण वाचायची सवय घरातनंच यायला लागते."

हसले सगळे. एका बाईंनी माझा खांदा थोपटला. ते जास्त लागलं.

दाराशी पुस्तकांचे गठ्ठे सुतळीने बांधून ठेवले होते. रद्दीत जायचे. सगळ्यात वर माझ्याच विषयाचं पुस्तक. परीक्षा नऊ दिवसांवर, आणि ते मी वर्षभरात एकदाही हातात धरलं नव्हतं.

मी सुतळी तोडली. फरशीवर बसले. वाचायला लागले.

"ए, ठेव ते! बाद झालंय ते पुस्तक!" लायब्ररीयन मॅडम ओरडल्या.

"मग कुणाला हवंय, मॅडम?"

शिपायाने पुस्तक हातातून हिसकावलं.

दुसऱ्या दिवशी माझं हॉल तिकीट अडवलं. माफीनामा टाइप करून तयार होता. 'मी लायब्ररीतून पुस्तक चोरण्याचा प्रयत्न केला.' खाली सहीची जागा.

टॉवरवर शिपाई पाठवून बाबांना ट्रस्टींच्या ऑफिसात बोलावून घेतलं. युनिफॉर्मवरच आले. टोपी काढून, हात जोडून उभे राहिले. त्यांना कुणी बसा म्हटलं नाही.

"सही कर गो बाय," बाबा हळूच म्हणाले. "वर्ष फुकट जातला."

पेन हातात होतं. वर्ष जाणं म्हणजे काय ते मला कळतं. आई लगेच कुठल्यातरी दुकानात माझ्यासाठी शब्द टाकणार. मग कॉलेज कायमचं सुटणार.

स्क्रीनशी माझं भांडण नाही. जगातलं सगळं ज्ञान आणा तिच्यावर. पण आमच्या खोलीत सहा माणसं झोपतात. लायब्ररी म्हणजे मला एक खुर्ची होती, एक पुस्तक होतं, आणि तिथे कुणी माझा बाप काय करतो ते विचारत नव्हतं. तेवढंच काढून घेतलंत. वर चोरही मीच?

मी कागद उलटला. मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं: 'मी चोरी केलेली नाही. बुक बँक चालू करा.' त्याखाली सही केली.

"परीक्षेला बसता येणार नाही," ट्रस्टी म्हणाले.

"माहीत आहे."

परीक्षा झाली. मी बाहेर होते. बाबा अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. रोज रडू येतं, खोटं कशाला सांगू. दुकानाला मी नाही म्हटलंय. जूनमध्ये पुन्हा त्याच दारात जाणार आहे. एकटी नाही. चाळीचाळीतून पोरं गोळा करतेय. आत जाऊ, खाली बसू. पुस्तकं हातात मिळेपर्यंत एकही उठणार नाही.