मरणाच्या झग्यातला सरदार

जपानच्या उत्तर टोकाला, आमच्या तळ्याकाठच्या आयनू आदिवासी वस्तीचे ‘सरदार’ म्हणजे कोसांकेकाका. ही पदवी त्यांना गावानं दिली नव्हती, पर्यटकांना लाकडी अस्वलं विकणाऱ्या दुकानदारानं दिली होती. उन्हाळाभर दाढी विंचरून दुकानापुढे उभं राहायचं, साखळीतल्या अस्वलाच्या पिल्लाशेजारी फोटो काढून घ्यायचे आणि गंभीर दिसायचं, एवढाच राज्यकारभार. गंभीर दिसणं त्यांना छान जमायचं, कारण घरी उनकान्तेमावशी होती.

मावशीनं जन्मभर एल्म झाडाच्या सालीचा दोरा काढला, विणला, झगे शिवले. गळा, बाह्या, घेर, जिथून म्हणून वाईट आत शिरेल तिथं काटेरी नक्षी भरली. नवऱ्याच्या डोक्यात मात्र जे शिरायचं ते शिरतच राहिलं. डोळे अधू होण्याआधी तिनं दोघांचे शेवटच्या प्रवासाचे झगे शिवून पेटीत ठेवले होते. ते अंगावर एकदाच चढतात, आणि चढवतात ते दुसरे. त्यांच्या नक्षीवरूनच पलीकडचे आपलं माणूस ओळखतात.

एकदा शहरातून कॅलेंडरवाला फोटो काढायला आला. दुकानातला छापील झगा त्याच्या पसंतीस उतरेना. “काहीतरी जुनं, खरं पाहिजे,” म्हणाला. सरदारांनी घरी जाऊन सरळ पेटी उघडली आणि आपला मरणाचा झगा चढवून पिल्लाशेजारी उभे राहिले. एवढी अक्कल सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. त्या पिल्लाला ती त्यांच्याहून जास्त असावी. त्यानं घेराची पट्टी दातात धरली आणि चिंध्या करून टाकल्या.

मावशीनं आरडाओरडा केला नाही. संध्याकाळी तिनं राळ्याचे उंडे कुस्करले आणि घरामागे, मेलेल्यांना घास ठेवतो तिथं नेऊन ठेवले.

“हे काय गं?” काकांनी विचारलं.

“जेव की. कपडे घालून निघालास, म्हटलं पोचला असशील.”

“अगं, फोटोपुरता तर घातला!”

“मग पलीकडे फोटोच पाठव. तुझी आई विचारेल, हा फाटक्या घेराचा भिकारी कुणाचा? माझं नाव सांगू नकोस म्हणजे झालं.”

मग सरदार रोज घरामागे उकिडवे बसून कुस्करा खायला लागले. मी शेजारीण, मला भारी मजा वाटत होती. एक दिवस मावशीनं मला सुईत दोरा ओवायला हाक मारली आणि माझी मजा तिथंच संपली. तिनं स्वतःच्या झग्याची पट्टी उसवली होती आणि बोटांनी चाचपत ती काकांच्या झग्याला लावत होती. नवी भरायला नजर उरली नव्हती.

“मावशी, आणि तुझं?”

“मला कशाला लागतंय? मी निघाले म्हटल्यावर भुतंच वाट सोडतील.”

त्याच हिवाळ्यात मावशी गेली. आम्ही बायका तिला सजवायला बसलो. निळ्या मण्यांची माळ घातली, पट्टी उसवलेल्या उघड्या घेरापाशी सगळ्यांचे हात थबकले. तेवढ्यात काका आत आले. स्वतःच्या झग्याची ती पट्टी त्यांनी कापून आणली होती.

आमच्यात पुरुषाच्या हातात सुरी असते, सुई नाही.

“आणा, मी शिवते,” मी म्हटलं.

“तू फक्त दोरा ओव.”

त्यांनी पोत्याला घालतात तसले टाके घातले. बोटातून रक्त आलं तरी थांबले नाहीत. मला हसूही येत होतं आणि रडूही आवरत नव्हतं.

“काका, आता तुमचं काय? पलीकडे तुम्हाला ओळखणार कोण?”

“हे टाके बघितल्यावर शिव्या द्यायला ती वेशीवर उभी राहील,” दोरा दातानं तोडत ते म्हणाले. “मी नागडा गेलो तरी चुकायचा नाही.”