मालकाविरुद्ध संप

आमच्या कोपऱ्यावरच्या स्कूटर मेकॅनिककाकांच्या गॅरेजात मालकही तेच आणि कामगारही तेच. कुणाचाही संप असो, काकांचा जाहीर पाठिंबा. पाना उगारून भाषण सुरू! परवा बघतो तर शटर अर्धं खाली, आणि काका स्टुलावर उभे राहून गाडी पुसायचं लाल फडकं फडकवतायत.

"काका, माझी गाडी?"

"आज संप. रविवारची सुट्टी मिळालीच पाहिजे!"

"मागताय कुणाकडे?"

"मालकाकडे. भारी चिवट आहे हो!"

हसून हसून पोट दुखलं, तरी मीही घोषणा दिल्या. काका वाकून आत गेले. मिनिटभर दोन आवाजांत कडाक्याचं भांडण ऐकू आलं, आणि ते नाचतच बाहेर आले.

"नमला!"

मग माझ्या गळ्यातलं हिंजवडीच्या कंपनीचं ओळखपत्र न्याहाळत म्हणाले, "तुमचा मालक कोण?"

नोकरीच्या अकरा वर्षांत पहिल्यांदाच मी मालकाचं नाव शोधायला ते उलटून पाहिलं.