खोटा पूर

आमच्या पुलाच्या ओव्हरसियरांचा माणसांवर थोडाफार विश्वास होता, पुलावर मुळीच नव्हता. रोज सकाळी काळी छत्री काखेत मारून यायचे, एकेक खांब काठीने ठोकायचे आणि कान लावून ऐकायचे. "हा फार गोड बोलतो," म्हणायचे, "गोड बोलणाऱ्यांची मला धास्ती वाटते." शिमग्याच्या खेळ्यांत संकासुर असतो, गावाने यांना शंकासुर करून टाकलं.

गावालाही त्यांचा संशय होताच. सरकारने खाडीवर पूल बांधला, तरी या गृहस्थांनी जुनी होडी मोडीत काढू दिली नाही. नावाडी दाऊदभाईंशी यांची भागी आहे, हे चावडीवर कुणीही छातीठोक सांगे. त्यात दर वैशाखात यांचा खोटा पूर यायचा. आभाळ कोरडं ठणठणीत, आणि हे पुलाला दोर बांधून ओरडायचे, "पूल गेला! होडीने चला!" टपालाच्या थैल्या, आंब्याच्या पेट्या, बकऱ्या, सगळं त्या दिवशी होडीतून जाई.

एका वर्षी नेमकी त्याच दिवशी माझी बायको अडली. सुईणीने हात टेकले. तिला डोलीत घालून रत्नागिरीच्या इस्पितळाकडे निघालो, तर समोर दोर.

"अहो, पूल उभा आहे!" मी किंचाळलो.

"आषाढात नसला तर कुठून नेशील? होडीत घाल."

दाऊदभाईंनी डोली घेतली, पण आडव्या फळ्यांमध्ये ती बसेना. "साहेब, डोलीचा इचार कधी केलाच नाय आपण," ते म्हणाले. ओव्हरसियरांचा चेहरा पांढराफटक पडला. दोर त्यांनीच सोडला आणि डोलीच्या पुढे वाट मोकळी करत ते पुलावरून धावले.

मुलगी झाली, दोघी वाचल्या. माझा राग मात्र जाईना. ओव्हरसियर आठवडाभर दाऊदभाईंबरोबर होडीच्या फळ्या कापत बसले होते, डोली नीट मावेपर्यंत. त्यातही गावाला काळंबेरं दिसलं. तक्रारी वर गेल्या आणि पावसाआधी त्यांची बदली झाली. निघताना म्हणाले, "पोरीला जप. पुलावर विसंबू नको." मला हसू आलं.

पूल काही पडला नाही. दाऊदभाई गेले, होडी लिलावात गेली, नवे साहेब पुलाकडे बघतही नाहीत. ती मुलगी आता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. आषाढ लागलाय, खाडी तांबडी होऊन फुगली आहे, आणि त्या माणसाची मला फार आठवण येते. दिवस भरायला अवकाश आहे, तरी मी रत्नागिरीसाठी गाडी जुंपायला सांगितली.

भेटायला आलेले जावई म्हणाले, "मामा, घाई कशाला? पूल चांगला उभा आहे की."

"उभा आहे," मी म्हटलं, "म्हणूनच आज नेतो."