विलायतेचं रोड लर्निंग

सकाळचे अकरा वाजलेले आणि गायकवाड ड्रायव्हरांचं दार आतून बंद. तेव्हाच्या कर्जतमध्ये भरदिवसा दार लावलं की समजायचं, आत कुणी आजारी आहे नाहीतर भांडण जुंपलंय. मी कडी वाजवली. आत खुर्ची करकरली, पण उत्तर नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी सरकारी दवाखान्यात नर्स होते. वय चोवीस, आणि जगातलं सगळं मला कळतं याबद्दल शंका नव्हती. ड्रायव्हर रेल्वेतून रिटायर झालेले, त्यांना ब्लडप्रेशर. डॉक्टरांनी दर सोमवारी होम व्हिजिट लावली होती. दंडाला पट्टा बांधायचा, दोन आकडे कार्डावर लिहायचे. वरचा आकडा हृदय रक्त ढकलतं तेव्हाचा, खालचा ते विसावतं तेव्हाचा. एवढंच काम.

दार उघडेना तेव्हा मी निदान केलं, स्ट्रोक. मागच्या बाजूने न्हाणीच्या भिंतीवर चढले, साडी खिळ्याला अडकून टर्रकन फाटली आणि मी घासलेल्या भांड्यांवर उतरले. ड्रायव्हर खुर्चीत पेपर वाचत होते.

"नर्सबाई, इंग्लंडात असं कुणी येत नाही," ते शांतपणे म्हणाले. "आधी फोन करतात."

मग खुलासा झाला. त्यांचा मुलगा तिकडे इंजिनियर. घर विकून दोघं कायमचे या, असं त्याचं पत्र आलेलं. ड्रायव्हरांनी उलट टपाली त्याच्या घरचं टाइमटेबल मागवलं. मुलगा-सून आठला कामावर, सहाला परत. शेजाऱ्यांची दारं बंद. सहज म्हणून कुणी डोकावत नाही.

ड्रायव्हरांची हयात बँकरवर गेली. बँकर म्हणजे घाट चढताना गाडीला मागून ढकलणारं इंजिन. रेल्वेत नव्या सेक्शनवर ड्रायव्हरच्या हातात एकदम गाडी देत नाहीत. आधी माहितगार ड्रायव्हरच्या शेजारी उभं राहून निदान तीन ट्रिपा करायच्या, चढ, वळणं, सिग्नल डोक्यात बसवायचे आणि 'रोड शिकलो' अशी सही द्यायची. सही नाही तर गाडी नाही. त्याला रोड लर्निंग म्हणतात. ड्रायव्हरांनी इंग्लंडलाही तोच नियम लावला. एक आठवडा म्हणजे एक ट्रिप. आठ ते सहा दार बंद, गप्पा बंद. सोमवारी मला मागच्या दाराने यायची सूट होती म्हणे, पण ते मला सांगायचं राहिलं.

मी त्यांना लेक्चर दिलं. घर विका आणि निघा, मला बोलावणं आलं असतं तर मी अनवाणी गेले असते. इंग्लंड मी बिस्किटाच्या डब्याच्या झाकणावर पाहिलं होतं.

"बाई, ब्रेक लागत नाही हे घाट उतरायला लागल्यावर कळून काय उपयोग?" ते म्हणाले.

दुसऱ्या सोमवारी आकडे चढले. तिसऱ्या सोमवारी आणखी. मी पापड-लोणच्याला दोष दिला. बँकरची शिट्टी झाली की ते उठायचे, घड्याळ बघायचे, परत बसायचे. हे मला दिसत होतं. पण कार्डावर त्याला रकाना नव्हता.

चौथ्या सोमवारी तीन ट्रिपा पुऱ्या झाल्या. मोजून झाल्यावर त्यांनी वही काढली. त्यात 'रोड शिकलो' एवढं लिहिलेलं, खाली जागा कोरी.

"माझी सही होत नाही," ते म्हणाले. इंजिनातला दोष वरच्यांना कळवावा तसा आवाज. दुसरा पुरुष असता तर 'हिला करमणार नाही' म्हणून बायकोच्या नावावर सुटला असता. तो शहाणपणा मीच केला. त्यांच्या बायकोकडे, काकींकडे वळून म्हटलं, "बरं झालं काकी, तुम्हाला करमलंच नसतं."

काकी तांदूळ निवडत होत्या. सूप खाली ठेवून म्हणाल्या, "मला कोनी इचारलं गं? लगीन झाल्यापास्नं पयल्यांदा दुपारची झोपले मी. कोन इरजण मागाया आलं नाय, का कोनाची भांडणं सोडवाया लागली नाय. मला लय बरं वाटलं. माझं पन मोज की ते."

तीन आठवडे मी त्या घरात जात होते. स्वतः कमावती बाई, आणि त्या दंडाला पट्टा बांधायचं मला एकदाही सुचलं नव्हतं. मोजलं. माझ्यापेक्षा चांगलं निघालं.

ड्रायव्हरांनी काकींचे आकडे दोनदा विचारून घेतले. मग वही काकींपुढे सरकवली. एकेक अक्षर जोडत काकींनी सही केली.

घर विकलं नाही. त्या वर्षी काकी सहा महिन्यांसाठी एकट्या विमानात बसल्या. ड्रायव्हर कर्जतला राहिले, भात करायला शिकले, आणि त्यांचे आकडे खाली आले.

पुढे नोकरी संपेपर्यंत ज्या घरी गेले तिथे मी नवरा-बायको दोघांचंही बी.पी. मोजलं. दवाखाना कार्ड एकाच्याच नावाचं द्यायचा. दुसऱ्याचं मी मागच्या बाजूला लिहायचे.